विचारा तर खरं! लेक्टर आवडतो, मग आता काय पोलिसात जाऊ?

गेल्या महिन्यात एकाने विचारलं होतं की पावसात लाईट गेल्यावर टॉर्च लावून वाचायला काहीतरी घाबरवणारं सुचवा, आणि मी आपलं दोन ओळीत थॉमस हॅरिसचं 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' सांगून मोकळी झाले. त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. मानकुराद आंब्याच्या दरावर लिहिलं होतं तेव्हासुद्धा लोक एवढे भांडले नव्हते हो! म्हणून यावेळचं सदर सगळंच्या सगळं डॉक्टर हॅनिबल लेक्टरला. ज्यांना हा गृहस्थ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : मानसोपचार करणारा अतिशय हुशार डॉक्टर, संगीत, चित्रकला, जेवण सगळ्यात दर्दी, आणि माणसं मारून शिजवून खातो. १९८१ च्या 'रेड ड्रॅगन' कादंबरीत पहिल्यांदा आला, तेही बाजूच्या भूमिकेत, आणि मग चार कादंबऱ्या, पाच सिनेमे आणि एक सिरीयल एवढा पसारा झाला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००३ साली सिनेमातल्या खलनायकांची यादी काढली तेव्हा पहिला नंबर याचा, दुसरा 'सायको'मधल्या नॉर्मन बेट्सचा.

आता पत्रं. नावं कोणाचीच देत नाही, गाव तेवढं देते.

म्हापशाहून एक वाचक, वय २४ : ताई, तुमचं वाचून सिनेमा बघितला. लेक्टर पळून जातो तेव्हा मी चक्क खूश झालो, सोफ्यावरून उठून उभाच राहिलो. नंतर रात्री विचार आला की त्याने पळताना जे पोलीस मारले त्यांच्याबद्दल मला काहीच कसं वाटलं नाही? माझ्यात काही गडबड आहे का? हे मी घरी कोणाला सांगू पण शकत नाही.

अरे बाबा, तुझ्यात गडबड असेल तर सगळ्या जगातच आहे, कारण त्या पळण्याच्या सीनला १९९१ पासून लोक असेच उठून उभे राहतायत. मी तो सिनेमा पहिल्यांदा बघितला तो व्हिडिओ कॅसेटवर, म्हापशातूनच भाड्याने आणलेली, आणि नेमकी त्या पिंजऱ्याच्या सीनला टेप व्हीसीआरमध्ये गुंतली. माझ्या भावाने पेन्सिल घालून ती गुंडाळून घेईपर्यंत आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो, आणि आम्हाला पोलिसांची काळजी नव्हती, टेपची होती.

पण तुझा प्रश्न मी उडवून लावत नाहीय, कारण तो मलाही पडलेला आहे आणि बरीच वर्षं पडलेला आहे. लोक म्हणतात तो हुशार आहे म्हणून आवडतो, आवाज काय, अँथनी हॉपकिन्सचे डोळे काय. ते सगळं आहेच. पण हुशार खलनायक ढिगाने असतात रे, संपल्या संपल्या विसरतो आपण त्यांना. मला विचारशील तर लेक्टरचं खरं भांडवल एकच, तो समोरच्या माणसाकडे नीट बघतो. पूर्ण लक्ष देऊन.

तो पहिला भेटीचा सीन परत लाव आणि फक्त क्लॅरिसकडे बघ. एफबीआयची ट्रेनी आहे, कोवळी पोरगी. सिनेमा सुरू झाल्यापासून तिच्याशी कोण कसं बोलतं बघ, लिफ्टमध्ये सगळे उंच पुरुष, ही मध्ये एवढीशी. लेक्टरला जिथे कोंडलंय त्या हॉस्पिटलचा तो डॉक्टर चिल्टन भेटल्या भेटल्या लाइन मारायला लागतो. तिचा साहेबसुद्धा तिला खरं कारण (मुली मारणाऱ्या दुसऱ्याच एका खुन्याबद्दल लेक्टरकडून काही काढून घ्यायचं) न सांगताच पाठवतो. मग ती त्या तळघरातून चालत जाते, बाकीच्या कोठड्यांना गज आहेत आणि शेवटच्या कोठडीला काच, आणि हा आत आधीच उभा आहे, सरळ, हात बाजूला, जसं काही पाहुणी येणार म्हणून दारात येऊन थांबलाय. तो ओळखपत्र मागतो. जवळ आण म्हणतो, अजून जवळ. आणि मग सांगतो की हे तर आठवड्याभरात संपतंय, म्हणजे तू अजून पक्की एफबीआयवाली नाहीस. मग वासावरून तिची क्रीम ओळखतो, आणि एरवी कधीकधी कुठलं सेंट लावते आणि आज लावलेलं नाही हेही सांगतो. बॅग चांगली, बूट स्वस्तातले, म्हणजे कुठल्या घरातून वर आली आणि काय लपवायला बघतेय ते सगळं दोन मिनिटांत. हे भयंकर क्रूर आहे, तिचे डोळे भरून येतात. पण अख्ख्या सिनेमात तोपर्यंत तिच्याकडे इतकं कोणी बघितलेलं नसतं!

आणि दिग्दर्शक जोनाथन डेमीने आणखी एक लबाडी केलीय, क्लॅरिसशी बोलताना लोक थेट कॅमेऱ्यात बघून बोलतात. म्हणजे ती तिथे नसतेच, तिच्या जागी आपण असतो. लेक्टर माझ्याकडे बघतोय, माझे बूट बघतोय. ऑफिसात दिवसभर कोणी मान वर करून बघत नाही, घरी सगळे मोबाईलमध्ये, आणि हा माणूस पापणी न हलवता माझ्याकडे बघतोय. आवडणारच ना.

दुसरं म्हणजे तो फार थोडा दिसतो. जवळजवळ दोन तासांचा सिनेमा, त्यात हॉपकिन्स अर्ध्या तासापेक्षाही कमी वेळ आहे, आणि तेवढ्यावर त्याने मुख्य भूमिकेचं ऑस्कर नेलं. सिनेमाला मोठी पाचही ऑस्कर (सिनेमा, दिग्दर्शक, नट, नटी, पटकथा) मिळाली, तोपर्यंत असं फक्त दोनदाच झालेलं. लोणच्यासारखं आहे, ताटात एवढंसं असतं म्हणून बोटं चाटतो, वाटीभर वाढलं तर कोण खाईल. हे लोणचं पुढे वाटीभर वाढलं गेलंच, त्यावर खाली वास्कोच्या पत्रात बोलते.

आणि ते मेलेले पोलीस. ते आठवले ना तुला रात्री? मग झालं तर.

डिचोलीहून एक आई : आमची मुलगी अकरावीला आहे. तुम्ही लेक्टरचं लिहिलंत ते वाचून ती म्हणाली, मी तर ऑलरेडी 'डेक्स्टर' बघते. मोबाईलवर, रात्री, कानात ते घालून. मी थोडा बघितला तर रक्तच रक्त, आणि नायक म्हणजे खुनी! वर ती म्हणते आई तो फक्त वाईट लोकांना मारतो. मी काय करू? तिचे बाबा म्हणतात वायफाय बंद कर.

बाय, वायफाय बंद केलंत तर ती मैत्रिणीकडे जाऊन बघेल आणि तुम्हाला कळणार पण नाही, म्हणून ते नको. ही मोठ्यांसाठीचीच सिरीयल आहे यात वाद नाही, रक्ताबरोबर बाकीचंही बरंच आहे तिच्यात. तुम्ही बघू नको म्हणालात तर तो तुमचा हक्क आहे आणि मी तुमच्या बाजूने आहे. पण मुलगी जे बोलली ना, 'फक्त वाईट लोकांना मारतो', ते वाक्य पकडा. मला त्या वाक्याची जास्त काळजी वाटते, रक्ताची कमी.

डेक्स्टर हा मायामीच्या पोलिसांत रक्ताचे डाग तपासणारा माणूस. जेफ लिंडसेची पहिली कादंबरी २००४ ची, सिरीयल २००६ ते २०१३, आठ सीझन, ९६ भाग, आणि संपली म्हणता म्हणता अजून वेगवेगळ्या नावांनी चालूच आहे. त्याला पोसणारा बाप पोलीस असतो, पोराला खुनाची ओढ आहे हे त्याच्या लक्षात येतं तेव्हा तो त्याला नियम घालून देतो, की सुटलेल्या खुन्यांनाच मारायचं आणि पकडलं जायचं नाही. हा नियम बापाने पोराला दिला असं दाखवतात, पण खरं तर तो आपल्यासाठी आहे हो! आपण सोफ्यावर निवांत बसून खून एन्जॉय करावे आणि वर चांगलं माणूस पण राहावं, त्याची सोय. लेक्टरच्या बाबतीत ही सोय कोणी करून देत नाही, तो वाईट आहे आणि तरी तुला आवडतोय, बघ बाबा काय ते तुझं तू. मला म्हणून लेक्टर जास्त प्रामाणिक वाटतो. ऐकायला विचित्र वाटेल, माहितीय.

डेक्स्टरच्या सुरुवातीची टायटल्स मात्र बघाच एकदा मुलीबरोबर बसून. हातावर डास बसतो, हा तो मारतो. मग दाढी, मग मांस कापणं, अंडं फोडणं, संत्र्याचा रस, बुटाची नाडी ओढून बांधणं. रोजची सकाळ, दुसरं काही नाही, पण इतक्या जवळून की प्रत्येक गोष्ट गळा आवळल्यासारखी वाटते. डास तर आपण गोव्यात रोज पन्नास मारतो, मी ते बघितल्यापासून मारताना एक सेकंद थांबते. (आणि मग मारते.) मुलीला विचारा, तुला हे बघून कसं वाटलं आणि का वाटलं. आणि मग विचारा, वाईट कोण हे डेक्स्टरने ठरवायचं आणि तो चुकला तर काय? सिरीयलमध्ये तो चुकतोही. माझा अंदाज आहे की ती तुमच्यापेक्षा जास्त बोलेल. बाबांनाही बसवा.

फोंड्याहून एक निवृत्त शिक्षक : हे खुन्याला नायक करण्याचं खूळ पाश्चात्त्यांचं आहे. आपल्या मराठी संस्कृतीत दुष्ट तो दुष्ट आणि सुष्ट तो सुष्ट. आपण अशा विकृतीचा प्रसार कशाला करता? आपल्याकडे लेखक नाहीत का?

सर, नमस्कार. आदर ठेवून भांडते हां.

तुम्ही फोंड्याचे, म्हणजे देवळांच्या गावातले, जत्रा आणि काला बघत मोठे झालेले असणार. मी पेडण्याची. आमच्याकडे दशावतार. रात्री उशिरा गणपती येऊन जातो, रिद्धी सिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि आम्ही पोरं आईच्या मांडीवर झोपलेली. मग कोणीतरी हलवून उठवायचं, 'ऊठ गे, संकासूर आयलो!' काळा झगा, तोंडावरून काळं, लांब लाल जीभ लोंबतेय, आणि आल्या आल्या तो गावातल्या प्रत्येकाची उतरवणार, देवळाच्या कमिटीपासून चहाच्या टपरीवाल्यापर्यंत. कोणी नवीन गाडी घेतली ते त्याला माहीत, कोणाचा पोर नापास झाला ते माहीत. वेद चोरलेत त्याने, सर! ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा राक्षस तो. शेवटी विष्णू येऊन त्याला मारतो आणि ते बघताना कोणाला फार आनंद होतो असं मला आठवत नाही, कारण त्याच्याबरोबर मज्जा संपते. विष्णू बिचारा येतो, युद्ध करतो, जातो. त्याच्यासाठी आम्हाला कोणी उठवायचं नाही.

आता बघा, संकासूर करतो काय? सगळ्या गावाकडे नीट बघतो आणि जे बघतो ते तोंडावर सांगतो. लेक्टर काचेमागून क्लॅरिसला बुटाचं सांगतो तेच ना हे? संकासूर कोणाला शिजवून खात नाही एवढा फरक, तो मोठा आहे, कबूल.

आणि लखोबा लोखंडे? आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ चं. बायकांना लग्नाच्या नावाने फसवून लुबाडणारा भामटा, तोही खऱ्या माधव काझी प्रकरणावरून घेतलेला. गोव्यातल्या माणसांनी प्रभाकर पणशीकरांना कितीदा बघितलंय त्याला हिशोब नाही, फिरत्या रंगमंचासाठी आणि वेषांतरांसाठी लोक परत परत जायचे, माझे वडील चार वेळा गेले. चारही वेळा घरी येऊन नक्कल कोणाची केली? लखोबाची. 'निपाणीत माझा तंबाखूचा व्यापार आहे' हे तपकीर ओढल्यासारखं करून. कोर्टात रडणाऱ्या एकाही बाईची नक्कल त्यांनी केलेली मला आठवत नाही.

हे मी नाटकाला नावं ठेवायला लिहीत नाहीय, मला ते भयंकर आवडतं. पण विकृती पाश्चात्त्य आणि आपण सोवळे, एवढं सरळ नाही हो ते. आणि गावच्या नाटकात तालमीला खलनायकाच्या रोलसाठी जी मारामारी होते ती तर तुम्ही दिग्दर्शक म्हणून सोडवली पण असेल, शिक्षक होतात ना!

वास्कोहून : कुठल्या क्रमाने वाचायचं आणि बघायचं? वेळ कमी आहे, शिफ्ट ड्युटी.

'रेड ड्रॅगन' (१९८१) आणि 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९८८), या दोन वाचा आणि इथे थांबा. १९९९ चं 'हॅनिबल' वाचायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर, शेवट असा काय आहे की सिनेमावाल्यांनी तो बदलला, आणि जोडी फॉस्टर परत क्लॅरिस करायला आली नाही, ज्युलियन मूर आली. २००६ चं 'हॅनिबल रायझिंग' सोडून द्या. तिथे सांगितलंय की लहानपणी युद्धाच्या काळात लिथुआनियात त्याच्या छोट्या बहिणीला भुकेल्या लोकांनी मारून खाल्लं म्हणून तो असा झाला. झालं! एवढा मोठा राक्षस, आणि कारण म्हणून एक फाईल हातात दिली. 'सायलेन्स'मध्ये तो स्वतः म्हणतो की मला काही झालं नाही, मीच झालो, असं काहीतरी, मला इंग्रजीतलं जसंच्या तसं पाठ नाही. त्या एका वाक्याने माझी जेवढी टरकली तेवढी त्या अख्ख्या पुस्तकाने नाही. सिनेमांत १९८६ चा 'मॅनहंटर' बघा, त्यात ब्रायन कॉक्सचा लेक्टर आहे, साधा, ऑफिसातल्या कोणासारखाही, आणि म्हणून वेगळाच घाबरवतो.

पणजीहून, स्वतःला 'खवय्यी' म्हणवणारी वाचक : मी 'हॅनिबल' सिरीयल बघतेय, मॅड्स मिकेल्सन लेक्टर झालाय ती. ताई मला लाज वाटते पण मला भूक लागते. तो जे काही ताटात वाढतो ना!! श्रावण चालू आहे, घरी सगळे शिवराक (शाकाहारी), आणि मी रात्री हे बघत बसलेय.

हाहा, तू एकटी नाहीस. ती सिरीयल २०१३ ते २०१५ चालली, तीन सीझन, ३९ भाग, मग बघणारे कमी म्हणून बंद केली, पण जे बघायचे ते वेडे होते, स्वतःला 'फॅनिबल' म्हणवतात. जेवणासाठी जेनिस पून नावाची फूड स्टायलिस्ट होती आणि सल्ला द्यायला होसे आंद्रेससारखा मोठा शेफ, त्यामुळे तुझी भूक ही त्यांच्या कामाची पावती आहे. भागांची नावं बघितलीस का? पहिल्या सीझनला फ्रेंच जेवणाचे कोर्स, दुसऱ्याला जपानी, तिसऱ्यात इटालियनने सुरुवात. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ताटात काय आहे ते तो पाहुण्यांना सांगतो एक, आणि आपल्याला माहीत असतं दुसरं. एफबीआयचा साहेब मिटक्या मारत खातोय. जेवायला घरी बोलावणं, स्वतः रांधून वाढणं, अजून घ्या म्हणणं, आपल्याकडे प्रेमाची याहून मोठी खूण नाही, आणि नेमकी तीच त्याने बिघडवून ठेवलीय. मी ती सिरीयल बघत होते त्या आठवड्यात शेजारणीने रविवारी सुंगटाची (सुक्या कोळंबीची) किसमूर पाठवली आणि मी डबा उघडून क्षणभर बघतच राहिले. बिचारी.

एक माहिती फुकट : ते प्रसिद्ध वाक्य आहे ना, एका माणसाची कलेजी 'किआंती' वाईनबरोबर खाल्ली असं लेक्टर सांगतो ते, पुस्तकात तिथे 'आमारोने' वाईन आहे. सिनेमात बदललं, किआंती जास्त लोकांना माहीत म्हणून असावं.

मडगावहून : लेक्टर खरा कोणी होता का?

होता आणि नव्हता. हॅरिस तरुणपणी पत्रकार होता, एका कैद्याची मुलाखत घ्यायला मेक्सिकोतल्या मॉन्टेरेच्या तुरुंगात गेला. त्या कैद्याला गोळी लागली होती तेव्हा एका डॉक्टरने वाचवलेलं, म्हणून हॅरिस त्या डॉक्टरशी बोलला. बारीक, शांत, रुबाबदार माणूस. त्याने उलट हॅरिसलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली, त्या कैद्याच्या चेहऱ्याबद्दल, लहानपणी त्याला लोक चिडवत असतील का त्याबद्दल. हॅरिसला वाटलं तुरुंगाचा नोकरीवरचा डॉक्टर. निघताना कळलं की तोही कैदीच, खुनी. 'सायलेन्स'ला २५ वर्षं झाली तेव्हाच्या आवृत्तीत हॅरिसने ही गोष्ट सांगितली, पण डॉक्टरचं खरं नाव न देता त्याला नाव दिलं 'डॉक्टर सालाझार'.

सालाझार! इथे माझे काका खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. ज्यांनी १९६१ च्या आधीचा गोवा बघितलाय त्यांना त्या पोर्तुगीज हुकूमशहाच्या नावाचा खुनी मिळाला तर अजून काय पाहिजे. योगायोगच, पण काका मानायला तयार नाहीत.

तो खरा डॉक्टर हॅनिबलसारखा वगैरे काही नव्हता हां. त्याने कोणाला खाल्लं नाही. पुढे सुटला आणि गरिबांवर उपचार करत राहिला. हॅरिसने त्याच्याकडून घेतलं ते एवढंच, समोरच्याकडे बघायची ती पद्धत.

शेवटचं पत्र, फोंडा तालुक्यातूनच, पण वरच्या सरांचं नव्हे : तुम्ही ज्या सुरात लेक्टरबद्दल लिहिलंत तो मला आवडला नाही. २००९ मध्ये आमच्याकडे तो माणूस पकडला तेव्हा मी कॉलेजात होते. एकामागून एक बायांची नावं बाहेर येत होती. आई मला एकटीला रिक्षात बसू देत नव्हती कितीतरी महिने. तुम्हा लोकांना सिरीयल किलर म्हणजे वाईन आणि ऑपेरा. आम्हाला पेपरातले ते फोटो आठवतात.

तुमचं पत्र पहिल्या दिवशीच आलं होतं आणि मी ते सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण उत्तर सुचत नव्हतं. अजूनही नीट सुचलंय असं नाही.

त्या माणसाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, मीही लिहिणार नाही, गोव्यात लिहायची गरजही नाही. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच, की तो रिक्षा चालवायचा, लग्नाचं आमिष दाखवून मुलींना अंगावर दागिने घालून बोलवायचा, आणि त्यांच्याच दुपट्ट्याने गळा आवळायचा. १६ खुनांचे आरोप होते, कित्येक वर्षांतले. काहींत शिक्षा झाली, बऱ्याच खटल्यांत पुरावा नाही म्हणून सुटला. कितीतरी घरांनी मुलगी पळून गेली असेल, लग्न करून कुठेतरी असेल, असं धरून वर्षं काढली.

मी वर म्हापशाच्या मुलाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं ना, की लेक्टर आवडतो कारण तो लक्ष देतो. तुमचं पत्र वाचून ते वाक्य माझ्याच घशात अडकलं. कारण हा माणूसही तेच करत होता की. घरची गरिबी, वय वाढतंय, लग्न जमत नाही, कोणी विचारत नाही, अशा मुलीला कोणीतरी येऊन विचारलं असणार, कशी आहेस, लग्न करशील का. ऑपेरा नाही, वाईन नाही, बुद्धी तर नाहीच, फक्त तेवढं एक. आणि ते पुरलं. काचेच्या या बाजूला बसून मला जे मोहात पाडतं ते काच नसताना काय असतं, ते तुमच्या गावाला माहितीय, मला फक्त पुस्तकातून.

तुमचा राग मी कमी करायला जाणार नाही. फक्त एक गोष्ट सांगते. माझ्याकडची 'सायलेन्स'ची प्रत कळंगुटच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातली आहे, कोणी टुरिस्ट टाकून गेलेला, ४० रुपयांना घेतली. पानांच्या सांध्यात अजून रेती आहे आणि सनस्क्रीनचा वास येतो. आधीच्या मालकाने त्यात पेन्सिलीने रेघा मारल्यात, आणि मारल्यात त्या फक्त लेक्टरच्या बोलण्याखाली. क्लॅरिस काय उत्तर देते त्याच्याखाली काही नाही. तो पळून गेला की रेघा संपतात, जवळजवळ पुस्तक संपल्यासारख्या.

पण पुस्तक संपलेलं नसतं. मुली मारणारा तो दुसरा खुनी सापडतो तो त्यानंतर, आणि तो लेक्टर सापडवून देत नाही, तो इशारे तेवढे देतो. क्लॅरिस एकटी जाते त्या पहिल्या मेलेल्या मुलीच्या घरी, फ्रेडरिका बिमेल तिचं नाव. साधं घर, बाप खचलेला. ही तिच्या खोलीत उभी राहते, तिच्या वस्तू बघते, तिने लपवून ठेवलेले फोटो बघते, कपाट उघडते. फ्रेडरिका शिवणकाम करायची. कपड्यांवरचे आकार बघता बघता क्लॅरिसला कळतं की खुनी मारलेल्या मुलींच्या कातडीचं काय शिवतोय. म्हणजे तिथेही कोणीतरी कोणाकडेतरी नीट बघतंच आहे, पूर्ण लक्ष देऊन, फक्त ती मुलगी आता नाहीय आणि बघणारीला तिच्याकडून काही नको आहे.

तुमचं पत्र आल्यावर मी ती पानं काढून परत वाचली. एकही रेघ नाही तिथे. आणि मी त्या पुस्तकात माझ्या निळ्या पेनाने ज्या खुणा केल्या होत्या, त्याही सगळ्या मागेच, काचेच्या सीनला.